मोटारी मोजल्या, पोरं राहिली

स्टॅनफर्ड विद्यापीठाकडे ८,१८० एकर जमीन आहे, आणि मूळ देणगीच्या अटीमुळे ती विकता येत नाही. वाढायचं म्हटलं तर जागेची चिंता नाही. प्रश्न येतो तो सांता क्लारा काउंटीच्या परवानगीचा. २०१६ मध्ये विद्यापीठाने काउंटीकडे अर्ज केला. २२ लाख ७५ हजार चौरस फूट शैक्षणिक बांधकाम, विद्यार्थ्यांसाठी २,६०० खाटा, प्राध्यापक-कर्मचाऱ्यांसाठी ५५० घरं. आणि यादीच्या शेपटाला ४० हजार चौरस फूट पाळणाघरं आणि वाहतुकीच्या सोयी, दोन्ही मिळून.

त्या ‘दोन्ही मिळून’मध्येच सगळं आलं.

काउंटीने अभ्यासात कसूर केली असं कोणी म्हणणार नाही. कॅलिफोर्नियाच्या १९७० च्या पर्यावरण कायद्यानुसार जाडजूड अहवाल तयार झाला. गर्दीच्या वेळी कॅम्पसकडे येणाऱ्या मोटारींच्या फेऱ्या वाढता कामा नयेत, ही अट तर विद्यापीठावर आधीपासूनच होती, त्यामुळे फेऱ्यांचा हिशेब चोख. पण या कायद्याची नियमावली निव्वळ आर्थिक किंवा सामाजिक परिणामाला पर्यावरणावरचा परिणाम मानत नाही. एखादी आई लांबच्या पाळणाघराचा वळसा घेऊन कामावर आली, तर नोंद तिच्या गाडीची होते. मागच्या सीटवरच्या बाळाची नाही.

तेच बाळ शाळेच्या वयाचं झालं की मात्र लोक जागे होतात. पालो आल्टोच्या सरकारी शाळा मुख्यतः स्थानिक मालमत्ता करावर चालतात आणि विद्यापीठाच्या भाड्याच्या घरांना या करातून सूट आहे. म्हणजे मुलं येणार, कर येणार नाही. शाळामंडळाने नेट लावला आणि २०१९ मध्ये विद्यापीठाने सुमारे १३ कोटी ८० लाख डॉलर देण्याची तयारी दाखवली. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी असा नेट लावायला कुठलं मंडळ असतं?

खरं तर आर्थिक परिणाम म्हणून आधी तपासायला हवं ते हेच. कॅलिफोर्नियात परवानाधारक पाळणाघराला चार तान्ह्या बाळांमागे एक सांभाळणारी लागते. प्रत्येक मुलामागे आत ३५ चौरस फूट, बाहेर अंगणात ७५. कितीही हुशार यंत्र आणलं तरी एका बाईच्या हातात आठ बाळं देता येत नाहीत. कॅम्पस वाढला की नोकऱ्या वाढतात, नोकऱ्यांबरोबर भाडी वाढतात, आणि भाडी वाढली की सगळ्यात आधी गाव सोडावं लागतं ते तुटपुंज्या पगाराच्या या बाईला. एकाच प्रकल्पाने बाळं वाढवायची आणि त्यांना सांभाळणारे हात लांब ढकलायचे, हा व्यवहार कुठल्याही ताळेबंदात ‘विकास’ म्हणूनच लिहिला जातो.

त्यावरचा मराठी उपाय त्याच काउंटीतल्या सनीव्हेल, क्युपर्टिनोच्या बागांत दुपारी पाहायला मिळतो: बाबागाडी ढकलणारी आजी. सहा महिने आई, मग सहा महिने सासूबाई. या बिनपगारी पाळणाघराची किंमत कुठल्या अहवालात धरायची, हा प्रश्न अजून कोणाला पडलेला दिसत नाही.

पुढे काउंटीने २,१७२ घरांची अट घातली. बोलणी फिसकटली आणि १ नोव्हेंबर २०१९ रोजी विद्यापीठाने अर्ज मागे घेतला. त्या कागदांबरोबर पाळणाघरंही गेली.

आपल्याकडे हसायला जागा नाही. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार २० हजार चौरस मीटरपुढच्या बांधकामाला परवानगी लागते, पण अशा प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. अर्जात आसपासच्या सामाजिक सुविधांचा तपशील विचारतात. म्हणजे आज काय आहे ते लिहायचं; उद्या काय कमी पडेल ते नव्हे. गंमत अशी, की बांधकाम मजुरांच्या तात्पुरत्या वस्तीत पाळणाघर असावं, ही अट परवानगीपत्रात ठरलेली असते. इमारत उभी राहिल्यावर तिथे वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांच्या मुलांबद्दल तेच पत्र गप्प. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केलं खरं, पण ती जबाबदारी मालकाची, आणि ती अंगावर येते तेव्हा इमारतीचा नकाशा कधीच पक्का झालेला असतो. मग पाळणाघरासाठी कुठली तरी उरलेली खोली शोधायची.

हिंजवडीत किंवा खराडीत पुढचा कॅम्पस येईल, तेव्हा अर्जातच एक आकडा मागावा: इथे काम करणाऱ्यांची, सफाई कामगार आणि सुरक्षारक्षक धरून, सहा वर्षांखालची मुलं अंदाजे किती असतील आणि ती दिवसभर कुठे असतील. पार्किंगच्या जागा किती, हे तर आजही त्याच अर्जात भरून द्यावं लागतं.