भुऱ्या केसांचं वाचन

उर्दूत ‘भूरा’ म्हणजे तपकिरी. मराठीत आपण पिंगट म्हणतो, तांबूस म्हणतो, आणि आमच्या बीडकडच्या बोलण्यात भुरा, भुरकट हे शब्दही आहेतच. मी दोन्ही भाषा शिकवतो, त्यामुळे अशा सामाईक शब्दांकडे लक्ष जातं. शब्द सामाईक आहे, पण या रंगाकडे सरळ बघायची तयारी दोन्ही भाषांतल्या लोकांची नाही. आपल्या मोहल्ल्यातल्या खात्यापित्या घरची मुलगी असेल तर भुरे केस ही खानदानाची निशाणी. तीच मुलगी वर्गात बसली की केस रंगवल्याचा संशय. आणि टोळीवरून परतलेल्या ऊसतोड कुटुंबाचं पोरगं असेल तर ‘उन्हानं झालेत, डोक्याला तेल नाही’ एवढं म्हणून विषय संपतो. या तिन्ही वाचनांबद्दल माझी तक्रार आहे. तिसऱ्याबद्दल सर्वांत जास्त.

खानदानाचं आधी बोलतो. सोयरिकीच्या बैठकीत हे हमखास ऐकू येतं. मुलीचे केस भुरे, डोळे घारे, म्हणजे पठाणी रक्त. नाहीतर इराणी, नाहीतर तुर्की. मग कुणीतरी शजरा काढतं आणि चार पिढ्यांवर जाऊन तो थेट समरकंदला पोचतो. मधल्या पिढ्यांत कोण विणकर होतं, कोण कसाई, कोण शेतमजूर, हे मात्र कुणी विचारत नाही. आपल्यातच अशराफ आणि बाकीचे अशी जी उतरंड आहे, तिला हे भुरे केस आयता पुरावा पुरवतात. आणि याची दुसरी बाजू आपण विसरतो. ‘आम्ही बाहेरून आलो’ हे आपण फुशारकीनं सांगायचं आणि तेच वाक्य उद्या कुणी रागानं आपल्याला ऐकवलं की दुखावून घ्यायचं, हे जमणार नाही. हा रोग फक्त आपल्यातच आहे असंही नाही. कोकणस्थांच्या घाऱ्या डोळ्यांवरून आणि पिंगट केसांवरून त्यांना समुद्रापलीकडचे ठरवणाऱ्या कथा महाराष्ट्रात किती वर्षं चघळल्या गेल्या!

केसांचा रंग मेलॅनिन या द्रव्यावर ठरतो. त्याचे मुख्य प्रकार दोन. युमेलॅनिन काळ्या-तपकिरी छटा देतं आणि फिओमेलॅनिन तांबूस. भरपूर युमेलॅनिन असलं की केस काळे, थोडं कमी असलं की भुरे. इतका साधा मामला आहे. जगात काळ्याखालोखाल सर्वांत जास्त आढळणारा नैसर्गिक रंग हाच. त्याच्यामागे एक नाही, अनेक जनुकं असतात आणि त्यांची जुळणी प्रत्येक मुलात वेगळी होते. म्हणून सख्ख्या भावंडांत एकाचे केस कोळशासारखे आणि दुसऱ्याचे भुरे निघतात, तरी आजोबा दोघांचे तेच असतात. प्रशांत महासागरातल्या सॉलोमन बेटांवर कातडी गडद काळी आणि केस चक्क सोनेरी असलेली माणसं आहेत. युरोपी खलाशांचं रक्त असणार, असा तर्क लोक करायचे. २०१२ साली शास्त्रज्ञांनी तपासलं, तेव्हा त्या रंगाला कारण असलेला जनुकातला बदल तिथलाच निघाला. युरोपातल्या सोनेरी केसांशी त्याचा संबंध नव्हता. तेव्हा माजलगावच्या किंवा धारूरच्या मुलीच्या केसांसाठी इराणी आजोबा शोधायची गरज नाही.

सूरह रूममध्ये माणसांच्या भाषांतला आणि रंगांतला फरक अल्लाहच्या निशाण्यांमध्ये सांगितला आहे. भाषा आणि रंग एकाच आयतीत आलेत, हे दोन भाषांच्या शिक्षकाला विशेष आवडतं. निशाणी अल्लाहची आहे, खानदानाची नाही.

आता शाळा. दोन वेण्या, रिबीन, तेल चोपडलेले केस. शिस्तीबद्दल माझं भांडण नाही. पण एका शाळेत नववीतल्या मुलीला ‘रंग उतरवून ये’ म्हणून परत पाठवलेलं मी पाहिलं आहे. तिचे केस जन्मापासून तसेच होते. दुसऱ्या दिवशी तिच्या अब्बांनी तिच्या लहानपणीचा फोटो आणून दाखवला. बापाला मुलीच्या केसांचा पुरावा द्यावा लागावा! जपानमध्ये हा प्रकार फार पुढे गेला. ओसाका प्रांतातल्या एका सरकारी शाळेनं एका मुलीला तिचे भुरे केस वारंवार काळे करायला लावले. आपले केस जन्मतःच भुरे आहेत असं सांगत २०१७ साली ती कोर्टात गेली. २०२१ मध्ये कोर्टानं तिला ३ लाख ३० हजार येन भरपाई देववली, पण तिचं नाव वर्गाच्या यादीतून काढलं आणि तिची खुर्ची हटवली, या कारणासाठी. केसांचा नियम मात्र कोर्टानं बेकायदा ठरवला नाही. म्हणजे जिंकूनही ती अर्धीच जिंकली. आपल्याकडे मेंदी लावून लालभडक केलेल्या दाढीकडे बघून कुणी चारित्र्याबद्दल बोलत नाही, उलट अदबीनं सलाम करतात. अल्लाहनं दिलेले भुरे केस घेऊन फिरणाऱ्या पोरीची मात्र झडती.

आता ऊसतोडीच्या पोरांविषयी.

दसरा-दिवाळी झाली की जिल्ह्यातून टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक. कारखान्याची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता. लहान मुलं बरोबरच जातात, कारण मागं सांभाळायला कुणी नसतं. पहाटे आई फडात, मूल पाचटावर. मार्च-एप्रिलात ही कुटुंबं परततात, तेव्हा काही मुलांचे केस गेल्यापेक्षा वेगळे दिसतात: तांबूस, कोरडे, विरळ. ऊन हे एक कारण असतंच. केस म्हणजे निर्जीव धागा; उन्हानं त्यातलं मेलॅनिन विटतं आणि ते पुन्हा भरून येत नाही. पण सगळाच दोष उन्हाचा नसतो.

१९३३ साली सिसिली विल्यम्स या डॉक्टरबाईंनी तेव्हाच्या गोल्ड कोस्टमधल्या, म्हणजे आजच्या घानामधल्या, मुलांच्या एका आजाराचं वर्णन केलं. पाय सुजलेले, कातडी सोललेली, केसांचा रंग उतरलेला. पुढे त्यांनी त्याला तिथल्या गा भाषेतलंच नाव दिलं: क्वाशिऑरकॉर. धाकटं भावंड आलं की अंगावरून तुटलेल्या थोरल्या मुलाला होणारा आजार, असा त्या शब्दाचा भाव. आफ्रिकेतल्या बायकांनी एका शब्दात जे सांगून ठेवलं होतं, ते आपल्या फडावरही घडतं. दुसरं मूल पोटात, आई कामावर, थोरल्याचं दूध सुटलेलं आणि वाट्याला चटणी-भाकरी. प्रथिनांची तूट हे या आजाराचं एकमेव कारण नाही, असं आता डॉक्टर मानतात. जंतुसंसर्ग आणि इतर घटकांच्या कमतरताही त्यात असतात. पण केस हे स्वतःच बहुतांशी प्रथिन आहे आणि त्याचा रंगही प्रथिनांतल्याच एका घटकापासून तयार होतो. शरीराकडे पुरत नसेल तेव्हा ते सगळ्यात आधी असल्या खर्चात कपात करतं.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. गंभीर कुपोषण झालेलं मूल मधल्या काळात नीट जेवलं, तर त्याच केसावर फिकट आणि गडद असे पट्टे उमटतात. डॉक्टर याला झेंड्याची खूण म्हणतात. किती महिने उपाशी आणि किती महिने पोटभर, हे त्या केसावर लिहिलेलं असतं. दिवाळीपासून एप्रिलपर्यंतचा हंगाम म्हणजे सहा सेंटिमीटर. आणि आपण त्याला ‘झिपऱ्या’ म्हणून हाक मारतो.

इथे घाईही नको. नुसते भुरे केस म्हणजे कुपोषण नव्हे. मी वर जे सांगितलं ते याच्याशी जोडूनच वाचा. जन्मापासून भुरे असलेले केस दाट असतात, चमकतात, ओढले तर सहज तुटत नाहीत. काळजीचे केस वेगळे: रंग बदललेला, निस्तेज, हलक्या हातानं ओढले तरी उपटून येणारे. सोबत दोन्ही पायांवर सूज, मूल मलूल, चिडचिडं, जेवणावरून मन उडालेलं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, किंवा दोन्ही पायांवर सूज असली, तर ते तीव्र कुपोषण समजतात आणि त्याला दवाखाना लागतो, तेलाची बाटली नाही. ती रंगीत पट्टी अंगणवाडीताईंकडे असते.

हे फार थोड्या मुलांचं दुखणं आहे, अशी समजूत असेल तर २०१९-२१ चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण बघावं. महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी, २५.६ टक्के उंचीच्या मानानं कृश, आणि १०.९ टक्के तीव्र कृश. ही सरासरी पुण्या-मुंबईला धरून आहे.

अशा राज्यात शाळेतल्या अंड्यावरून वाद होतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारनं शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं. न खाणाऱ्यांना केळी किंवा फळ. तरी काही संघटनांनी विरोध केला. जानेवारी २०२५ मध्ये राज्यानं अंड्यासाठी वेगळा निधी देणं थांबवलं आणि द्यायचं असेल तर लोकसहभागातून द्या असं सांगितलं. प्राथमिक शाळेतल्या मुलाला या आहारातून रोज १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम असतात. भात-डाळीच्या पातळ आमटीत ती कशी मोजायची, हे ज्यानं हिशेब मांडला त्यानं एकदा आमच्याकडच्या जिल्हा परिषद शाळेत येऊन दाखवावं. निधी पुन्हा सुरू झाला पाहिजे आणि त्यासाठी बोलायचं काम अंडं खाणाऱ्यांनीही करायला हवं. मुस्लिम शिक्षक आणि पालक या वादात गप्प बसले, कारण त्यांना हा दुसऱ्यांचा वाद वाटला. टोळीत आपली पोरं नाहीत का? वंजारी, बंजारा, दलित पोरांबरोबर तीही त्याच पाचटावर बसलेली असतात.

तोवर लोकसहभागच म्हणत असतील तर तसं. जकातीचे नियम वेगळे आहेत, पण नफिल सदका कुठल्याही धर्माच्या गरजूला देता येतो. अंडं सात रुपयांचं धरलं, तर साठ मुलांच्या शाळेला आठवड्याचे ४२० रुपये लागतात. टोळ्या परततात तेव्हा शाळेला सुट्टी लागायच्या बेतात असते, त्यामुळे मे महिन्यात हे पैसे अंगणवाडीकडे वळवावे लागतील. बाकीचं वर्ष ते शाळा व्यवस्थापन समितीकडे द्यावेत आणि पावती घ्यावी.