आळस कीं जंत ?

“अमक्याचें पोर आळशी, त्यांच्या जातींतच आळस,” असें गांवचे थोर पारावर बसून सांगतात व आमच्या मास्तर मंडळींपैकीं कित्येक मान डोलावतात. आमचा त्यांना एकच सवाल आहे : त्या पोराचें शौच कोणीं तपासलें काय ?

अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांच्या दक्षिणेकडील गरीब गोऱ्या शेतकऱ्यांनाही लोक असेंच आळशी म्हणत. चार्ल्स स्टाइल्स या प्राणिशास्त्रज्ञानें १९०२ सालीं त्या आळसाचें मूळ अंकुशकृमींत असल्याचें सांगितलें. पुढें १९०९ सालीं रॉकफेलर यांच्या पैशानें मंडळ निघालें, शाळांतील मुलांचें शौच सूक्ष्मदर्शकाखालीं गेलें, आणि शेंकडा सुमारें ४० मुलांत कृमि निघाले ! गोऱ्या कातडीचाही आळस पोटांतून निघाला तो असा.

हा कृमि अनवाणी पायाच्या कातडींतून शिरतो व आंतड्याला चिकटून रक्त पितो. रोज रक्त गमावणारें पोर पाढे म्हणतांना पेंगेल नाहीं तर काय करील ?

२०१५ पासून शाळांतून जंतनाशक दिवस पाळतात, आल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी देतात. चांगलें आहे. पण गोळ्या किती वांटल्या तें आम्ही तक्त्यांत भरून धाडतों. जंत किती पोरांत होते, किती उरले, याला रकानाच नाहीं. पोर पुन्हा त्याच हागणदारीच्या वाटेनें अनवाणी जातें, जंत पुन्हा शिरतो. वर्षांतून एकदां शाळेंतील मुलांचें शौच तपासून अंडीं मोजावींत व आंकडे ग्रामसभेपुढें वाचावेत, एवढें आमचें मागणें आहे.