उल्लेखांची संख्या आणि औषधाचा गुण

आमच्या चिकित्सालयात फार्मसींच्या प्रतिनिधींकडून जी माहितीपत्रके येतात, त्यांच्या भाषेत गेल्या काही वर्षांत ठळक बदल झालेला आहे. पूर्वी अशा पत्रकावर ग्रंथाधार असे. कल्प कोणत्या अधिकारातील, मात्रा किती, अनुपान कोणते, हे प्रथम सांगितले जाई. आता त्या जागी एखाद्या परदेशी नियतकालिकाचे नाव असते. त्याचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ किती आणि मूळ शोधनिबंधाचा इतरांनी किती वेळा उल्लेख केला, याचे आकडे ठळक अक्षरांत असतात. स्मृती, निद्रा, कंप यांसारख्या मेंदूशी संबंधित तक्रारींवरील कल्पांत ही प्रथा विशेष रुजली आहे. या आकड्यांचा नेमका अर्थ काय आणि त्यांवर आपण किती विसंबावे, याविषयी व्यवसायबंधूंशी व फार्मसीचालकांशी मोकळेपणाने बोलावे, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम आमचीच चूक सांगतो. २०१४ साली एक निवृत्त शिक्षिका त्यांच्या कन्येसह आमच्याकडे आल्या. स्मृतिनाश दोन वर्षांपासून वाढत चालला होता. त्या सुमारास आमच्या टेबलावर हळदीच्या सत्त्वाच्या एका कल्पाचे पत्रक होते. न्यूरोसायन्समधील एका अग्रगण्य नियतकालिकाचे नाव त्यावर होते आणि अल्झायमर व्याधीतील मेंदूतले साके निम्म्याने घटतात, असे विधान होते. आम्ही ते पत्रक कन्येस दाखविले, कल्प लिहून दिला आणि आशाही दिली. सुमारे वर्षभर त्या कुटुंबाने पदरमोड करून तो घेतला. प्रकृतीत फरक पडला नाही. पुढे त्यांचा भाचा, जो औषधनिर्माणशास्त्राचा विद्यार्थी होता, त्याने मूळ निबंध मिळवून वाचला. नंतरच्या भेटीत त्या बाईंनी शांतपणे विचारले, “डॉक्टर, त्या कागदातले रोगी माणसे होती की उंदीर?” आम्हांस उत्तर देता आले नाही, कारण आम्ही तो निबंध वाचलेलाच नव्हता. आम्ही केवळ नियतकालिकाचे नाव वाचले होते.

तो निबंध त्यानंतर आम्ही साद्यंत वाचला. ‘द जर्नल ऑफ न्यूरोसायन्स’ हे अमेरिकेतील सोसायटी फॉर न्यूरोसायन्स या संस्थेचे १९८१ पासून निघणारे नियतकालिक. त्यात २००१ साली लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी हळदीतील कर्क्युमिनवर हा निबंध प्रसिद्ध केला. अल्झायमरसदृश विकृती निर्माण होईल अशा जनुकीय बदल केलेल्या उंदरांच्या आहारात कर्क्युमिन दोन मात्रांत मिसळले होते: अल्प मात्रा दहा लाख भागांत १६० भाग आणि अधिक मात्रा दहा लाख भागांत ५००० भाग. अल्प मात्रेने ॲमिलॉइडचे साके व प्रमाण ४३ ते ५० टक्क्यांनी घटले. अधिक मात्रेने मात्र ही घट झाली नाही. अर्थात पत्रकावरील ‘निम्म्याने’ हा शब्द खोटा नव्हता. परंतु ते उंदीर होते आणि मात्रा वाढविल्याने तो गुण दिसेनासा झाला होता, या दोन्ही गोष्टी पत्रकातून गळाल्या होत्या. मात्रेचे महत्त्व ज्या शास्त्राने सांगितले, त्याच्याच अनुयायांच्या हातून हे व्हावे, याचे वैषम्य वाटते.

पुढे माणसांवर काय झाले? हाँगकाँग येथील ३४ रुग्णांवरील सहा महिन्यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. रुग्णांच्या बुद्धिस्मृतीत लाभ आढळला नाही. २०१२ साली अमेरिकेतील ३६ रुग्णांवरील २४ आठवड्यांच्या अभ्यासातही तेच दिसले, आणि कर्क्युमिन रक्तात अत्यल्प प्रमाणात पोहोचते हेही आढळले. या दुसऱ्या अभ्यासात २००१ च्या मूळ निबंधाचे काही लेखकच सहभागी होते. आपल्याच आशेस बाधक ठरणारा निष्कर्ष त्यांनी छापला, हे गौरवास्पद आहे. २०१८ साली, अधिक शोषला जाणारा कर्क्युमिनचा एक प्रकार अठरा महिने दिल्यावर स्मृतिभ्रंश नसलेल्या ४० व्यक्तींत स्मरणशक्ती काहीशी सुधारल्याचे प्रसिद्ध झाले. तेव्हा हा विषय संपला असेही नाही. परंतु आमच्या हाती पत्रक आले ते २०१४ साली. त्यापूर्वीचे दोन्ही प्रतिकूल निष्कर्ष उपलब्ध होते. पत्रकाने ते सांगितले नाहीत आणि आम्ही विचारले नाहीत.

आता या आकड्याकडे वळू. ग्रंथसूचीच्या क्षेत्रातील अमेरिकन विद्वान यूजीन गारफील्ड यांनी १९५५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात, कोणत्या निबंधाने कोणाचा आधार घेतला याची सूची असावी, अशी कल्पना मांडली. १९६४ साली अशी सूची प्रत्यक्षात प्रसिद्ध झाली आणि १९७५ पासून नियतकालिकांचे प्रभावांक नियमित प्रसिद्ध होऊ लागले. रीत सोपी आहे. एखाद्या नियतकालिकाने मागील दोन वर्षांत २०० निबंध छापले आणि चालू वर्षात त्या निबंधांचे एकूण ८०० उल्लेख झाले, तर प्रभावांक ४. सूचीत कोणती नियतकालिके घ्यावीत आणि ग्रंथालयांनी कोणती मागवावीत, हे ठरविण्यास ही मोजणी उपयुक्त होती. औषध गुणकारी आहे की नाही, हे ठरविण्यासाठी ती कधीच योजिलेली नव्हती.

शिवाय ही सरासरी आहे, आणि तीही फसवी. ‘नेचर’ या विख्यात नियतकालिकाने २००५ साली आपल्याच संपादकीयात कबूल केले, की आपल्या प्रभावांकातील ८९ टक्के उल्लेख केवळ २५ टक्के निबंधांमुळे आले. पंगतीत चार जणांनी पंचवीस-पंचवीस लाडू खाल्ले म्हणून प्रत्येक पानावर तितके वाढले गेले, असे होत नाही. उल्लेख खंडनासाठी केला तरी तो मोजला जातो, हेही ध्यानात घ्यावे. खुद्द ‘जर्नल ऑफ न्यूरोसायन्स’चा प्रभावांक २००० च्या दशकात सात-आठच्या घरात होता, अलीकडे तो चार-पाचच्या आसपास आला आहे. दरम्यान या क्षेत्रात नवी नियतकालिके निघाली, उल्लेख विभागले गेले, संशोधनाचे प्रवाहही बदलले. मग २००१ चा तो निबंध आता निम्माच खरा राहिला काय? प्रश्नच हास्यास्पद आहे; आणि म्हणूनच त्या आकड्याने औषधाची प्रत ठरविणेही तितकेच हास्यास्पद होय. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्को येथे संपादक व संशोधक यांनी एकत्र येऊन तयार केलेल्या जाहीरनाम्याने हेच सांगितले: नियतकालिकाचा प्रभावांक हा एकेका निबंधाच्या गुणवत्तेचा पर्याय मानू नये.

बहुत उल्लेख म्हणजे बहुत सत्य नव्हे, याचा कठोर धडा न्यूरोसायन्सने अलीकडेच घेतला. ॲमिलॉइडच्या एका विशिष्ट प्रकारामुळे स्मृती नष्ट होते, असे सांगणारा २००६ सालचा ‘नेचर’मधील निबंध दोन हजारांहून अधिक वेळा उल्लेखिला गेला. त्यातील चित्रांत फेरफार असल्याचा संशय २०२२ साली जाहीरपणे मांडला गेला आणि २०२४ साली तो निबंध मागे घेण्यात आला. त्याआधी २०१३ साली न्यूरोसायन्समधील अनेक अभ्यासांची छाननी होऊन असे दिसले होते, की त्यांची सांख्यिकीय क्षमता मध्यमानाने सुमारे २१ टक्केच होती. म्हणजे खरा परिणाम अस्तित्वात असला तरी असे अभ्यास तो पाचांतून जेमतेम एकदा पकडू शकतील. हे दोष त्या शास्त्राच्या लोकांनीच शोधले व छापले, ही त्याची थोरवी. आपण मात्र त्यांचे आकडे घेतो आणि त्यांची शंका तेवढी सोडून देतो.

यापेक्षाही गंभीर गोष्ट अशी, की परक्या नियतकालिकातील प्रवाह आपल्या औषधांच्या मांडण्या ठरवू लागला आहे. चरकाचार्यांनी हरिद्रा लेखनीय, कुष्ठघ्न आणि विषघ्न गणांत सांगितली. मेध्य रसायने म्हणून त्यांनी जी चार सांगितली ती मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची आणि शंखपुष्पी. ॲमिलॉइडचा प्रवाह जोरात असताना हळदीचे सत्त्व एकाएकी ‘मेध्य’ झाले आणि शंखपुष्पीचा कल्क मागे पडला. हळदीचा नवा गुण सापडूच नये असे आमचे म्हणणे नाही. परंतु सत्त्व म्हणजे हळद नव्हे आणि उंदराचा मेंदू म्हणजे रुग्ण नव्हे. एवढा विवेक न ठेवता द्रव्य बदलणे याला संशोधन म्हणत नाहीत. त्याला वाऱ्याप्रमाणे पाठ फिरविणे म्हणतात.

याउलट कपिकच्छूचा इतिहास पाहावा. तिच्या बियांतून एल-डोपा वेगळे काढल्याचा निबंध मद्रासच्या दोन संशोधकांनी १९३७ साली प्रसिद्ध केला. त्या वेळी त्या द्रव्याचा कंपाशी संबंध कोणास ठाऊक नव्हता. पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन घटते, हे व्हिएन्नात १९६० साली दिसले. मुंबईचे डॉ. अशोक वैद्य व सहकारी यांनी कपिकच्छूचा रुग्णांवरील अनुभव १९७८ साली ‘न्यूरॉलॉजी इंडिया’ या आपल्याच देशातील नियतकालिकात मांडला. १९९५ साली कपिकच्छूपासून केलेल्या कल्पाचा ६० रुग्णांवरील बारा आठवड्यांचा अभ्यास आला. २००४ साली लंडनमध्ये आठ रुग्णांवर तुलना झाली: कपिकच्छूच्या ३० ग्रॅम मात्रेचा परिणाम सुमारे ३५ मिनिटांत सुरू झाला, तर नेहमीच्या गोळीस त्याच्या जवळपास दुप्पट वेळ लागला. २०१७ साली १८ रुग्णांवरील आणखी एक नियंत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. संख्या लहान आहेत, गती मंद आहे. परंतु द्रव्य तेच, व्याधी तोच आणि रुग्ण माणसेच. दोन वर्षांच्या उल्लेखांवर चालणाऱ्या गणितात १९७८ च्या निबंधाला पुढच्या काळात किंमत शून्य. चिकित्सकाच्या दृष्टीने मात्र मोल त्याचेच अधिक. आणि त्यातूनच सावधगिरीही शिकावयाची: बियांत खरोखरीचे एल-डोपा असल्यामुळे, रुग्ण आधीच ती गोळी घेत असल्यास कपिकच्छू सहजपणे जोडून देणे धोक्याचे आहे.

लहान नियतकालिकातील नोंदीचे मोल किती, याचा दाखला हळदीनेच दिला आहे. जखम भरून आणण्यासाठी हळदीच्या वापरावर अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिले गेले. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. सादर केलेल्या पुराव्यांत प्राचीन ग्रंथांसोबत भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातील १९५३ सालचा एक निबंधही होता. ज्यांनी तो लिहिला त्यांनी प्रभावांक पाहून लिहिला नव्हता, कारण तेव्हा तो अस्तित्वातच नव्हता. त्यांनी जे पाहिले ते प्रामाणिकपणे नोंदवून ठेवले. चव्वेचाळीस वर्षांनी ते देशाच्या कामी आले.

तेव्हा आमचे म्हणणे आधुनिक संशोधनाकडे पाठ फिरवावी असे नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती अशी चतुर्विध परीक्षा सांगितली. उल्लेखांची संख्या या चारांपैकी कशातच बसत नाही. छापील निबंध वाचणे, त्यातील निरीक्षण तपासणे, त्यावरून अनुमान करणे आणि आपल्या रुग्णापुरती युक्ती लढविणे, हे सारे मात्र बसते.

व्यवसायबंधूंना आमची विनंती इतकीच, की कोणतेही पत्रक हाती आल्यास प्रतिनिधीस चार प्रश्न विचारावेत. अभ्यास माणसांवर झाला की प्राण्यांवर? अभ्यासातील द्रव्य व तुमचा कल्प एकच आहे काय? मात्रा व कालावधी किती होता? आणि याच विषयावरील प्रतिकूल निष्कर्ष कोणते? उत्तर नसेल तर मूळ निबंध मागावा आणि तो येईपर्यंत रुग्णास त्या आधारावर आशा देऊ नये. फार्मसीचालकांस विनंती अशी, की पत्रकावरून प्रभावांक काढून टाकावा आणि त्या जागी ‘प्राण्यांवरील अभ्यास’ किंवा ‘रुग्णांवरील अभ्यास, संख्या इतकी’ असे स्पष्ट छापावे. कपिकच्छूसारख्या द्रव्यात प्रत्येक बॅचमधील एल-डोपाचे प्रमाण मोजून लेबलवर द्यावे. यास खर्च येईल हे आम्ही जाणतो. पण वैद्याचा विश्वास गमावण्याचा खर्च त्याहून मोठा आहे.

आणि आपल्या या त्रैमासिकासाठी: स्मृतिनाश, कंप, अनिद्रा यांचे जे रुग्ण आपण पाहतो, त्यांच्या नोंदी पाठवाव्यात. निदान, मात्रा, कालावधी, सोबतची आधुनिक औषधे आणि लाभ झाला नसल्यास तसेही लिहावे. आरंभ म्हणून त्या निवृत्त शिक्षिकेची नोंद, तीत झालेल्या आमच्या चुकीसह, आम्ही संपादकांकडे पाठविली आहे. तिचा उल्लेख जगात कोणी करील अशी अपेक्षा नाही. एखाद्या वैद्यबंधूने ती वाचून तेच पत्रक बाजूस ठेवले, तरी आम्हांस पुरे आहे.