पटावर नाव, वर्गाबाहेर मूल

7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलाच्या पटावर भिवा रामजी आंबेडकर हे नाव चढले. त्या शाळेला आज छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात, आणि 2017 पासून ही तारीख राज्यभर विद्यार्थी दिन म्हणून पाळली जाते. नाव पटावर होते, पण बसायचे मात्र इतरांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर. हे बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. अस्पृश्यता आणि अपंगत्व या दोहोंना एका मापाने मोजण्याचे कारण नाही. परंतु नाव दाखल करून घ्यायचे आणि मूल कोपऱ्यात ठेवायचे, ही रीत मात्र 125 वर्षांनंतरही त्याच सातारा-सांगलीच्या मातीत टिकून आहे. आज त्या कोपऱ्यात अपंग मूल बसलेले असते.

कायद्याची उणीव आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. सर्वसाधारण शाळांतून अपंग मुलांना शिकविण्याची केंद्र सरकारची योजना 1974 ची. 1995 च्या कायद्याने अठरा वर्षांपर्यंतच्या मोफत शिक्षणाची हमी दिली. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने ही मुले स्पष्टपणे आली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने तर समावेशक शिक्षणाची व्याख्याच करून टाकली: अपंग आणि इतर मुले एकत्र शिकतील आणि अध्यापनाची पद्धत त्यांच्या गरजेनुसार बदलेल. या व्याख्येचा पूर्वार्ध शासनाने मनावर घेतला, कारण त्याला पैसे लागत नाहीत. उत्तरार्ध कागदावर राहिला. मध्यंतरी 'अपंग' हा शब्द जाऊन 'दिव्यांग' आला; शब्द बदलल्याने शाळेच्या पायऱ्या कमी झाल्या नाहीत.

पायऱ्यांचेच पाहा. उताराचा मान्य दंडक एकास बाराचा आहे. म्हणजे शाळेचे जोते दोन फूट उंच असेल तर उतरंड चोवीस फूट लांब हवी. सहा-सात फुटांत उरकलेला चढ तपासणीच्या तक्त्यात 'आहे' या रकान्यात बसतो; चाकाच्या खुर्चीतील मुलाला मात्र तो चढता येत नाही. पाटण-जावळीच्या पावसात त्यावर शेवाळ धरले की कुबडी घेऊन चालणाऱ्यालाही तो धोक्याचाच. मग आई मुलाला कडेवर घेऊन येते, आणि शौचाला कोण नेणार म्हणून शाळा सुटेपर्यंत व्हरांड्यात बसून राहते. तिची त्या दिवसाची मजुरी बुडते. अपंग मुलींसाठी दरमहा 200 रुपयांचा भत्ता आहे, तोही वर्षातून दहा महिने. खुरपणीची एका दिवसाची मजुरी त्याहून अधिक असते, हे जत-आटपाडीच्या कोणत्याही बाईला ठाऊक आहे.

चढ नीट बांधला तरी प्रश्न उरतोच, कारण खरी अडचण फळ्यासमोर आहे. दोन शिक्षकी शाळेत एका गुरुजींपुढे दोन-तीन इयत्ता एकाच वेळी बसलेल्या असतात. त्यांत एक मूल ऐकू न येणारे, एक मतिमंद म्हणून शिक्का बसलेले. अशा शिक्षकाला सहृदयतेचे उपदेश करण्यात अर्थ नाही. त्याला हाताशी जाणकार माणूस हवा. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये रजनीश कुमार पांडे खटल्यात हेच सांगितले आणि प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण घालून दिले. महाराष्ट्रात वर्षानुवर्षे हे काम कंत्राटी विशेष शिक्षकांच्या अंगावर टाकण्यात आले. 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने 4,860 पदे निर्माण करण्याचे ठरविले, म्हणजे प्रत्येक केंद्राला एक. निर्णय स्वागतार्ह आहे. कंत्राटी शिक्षकांच्या दीर्घ लढ्याला त्याचे श्रेय आहे. परंतु हिशेब मुलांच्या संख्येवर न होता केंद्रांच्या संख्येवर झाला आहे. एका केंद्रात कित्येक शाळा आणि शिक्षक एक; डोंगरातल्या वाडीवर त्याची फेरी कधी पडणार? शिवाय विशेष शिक्षकाची पदविका बहुधा एकाच प्रकारच्या अपंगत्वाची असते, आणि कायद्यात प्रकार 21 आहेत. ब्रेल शिकलेल्या शिक्षकाने खुणांची भाषा लागणाऱ्या मुलापुढे काय करावे?

येथे काही सुजाण माणसे म्हणतात की यापेक्षा विशेष शाळा बऱ्या. हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. बहिऱ्या मुलाला खुणांच्या भाषेत बोलणारे सवंगडी नसलेल्या वर्गात नुसते बसविणे हा एकांतवासच आहे, आणि विशेष शाळांतील शिक्षकांनी पिढ्यानपिढ्या कमावलेले ज्ञान आज अन्यत्र मिळणार नाही. पण विशेष शाळा शहरात असते आणि मूल वाडीवर. निवासी शाळेसाठी सहा वर्षांच्या मुलाला घरापासून तोडायचे की घरी ठेवून अडाणी राखायचे, एवढीच निवड पालकापुढे असू नये. विशेष शाळेचे ज्ञान गावच्या शाळेत उतरले पाहिजे. ते उतरत नाही, कारण विशेष शाळा 2022 मध्ये स्थापन झालेल्या दिव्यांग कल्याण विभागाकडे आणि गावची शाळा शालेय शिक्षण विभागाकडे. अतितीव्र अपंगत्वासाठी कायद्याने दिलेली घरी शिकण्याची सवलतही अशा दुफळीत सहज पळवाट बनते: मूल घरी, नाव पटावर, सर्वांची सुटका.

ही अवस्था अटळ आहे असे मानणाऱ्यांनी आपल्याच जिल्ह्याचा इतिहास आठवावा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये ती साताऱ्यात आणली. 1927 मध्ये ज्या छत्रपती शाहू बोर्डिंगला गांधीजींचे हात लागले, तेथे सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवत. भाऊरावांनी गरिबाच्या मुलाला 'आधी शाळेत येण्याजोगा हो' असे सांगितले नाही. भाकरी, निवारा, अंतर या मुलाच्या अडचणी त्यांनी संस्थेच्या अडचणी मानल्या आणि त्यांच्याभोवती शाळेची रचना केली. कमवा आणि शिका त्यातूनच आले. अपंग मुलाचा हक्क याहून वेगळे काही मागत नाही.

पण आज वारे उलटे वाहत आहे. अपंग मुलाला कोणतीही उत्पन्नाची अट न घालता खाजगी शाळांच्या 25 टक्के राखीव जागांत प्रवेशाचा हक्क आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य शासनाने सरकारी शाळेच्या एक किलोमीटर परिसरातील खाजगी शाळांना या जबाबदारीतून मोकळे करण्याचा घाट घातला. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये ती अधिसूचना रद्द केली म्हणून तो फसला. दुसरीकडे वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार 2023 पासून पुढे रेटला जात आहे. धट्ट्याकट्ट्या मुलाला तीन किलोमीटर म्हणजे गाडीची वाट पाहणे. ज्याला शंभर पावले चालणे कठीण, त्याचे शिक्षण त्या दिवशी संपते. वाडीची शाळा बंद करण्याचा ठराव म्हणजे तिथल्या अपंग मुलाला शाळेतून काढण्याचा ठराव होय, मग त्यावर त्याचे नाव लिहिलेले नसले तरी.

2022 मध्ये मुदत संपल्यावर जिल्हा परिषदांवर दीर्घकाळ प्रशासक बसले आणि असे प्रश्न विचारणारी सभागृहेच बंद पडली. गावची शाळा व्यवस्थापन समिती मात्र चालूच होती, आणि कायद्याने तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. कार्यकर्त्यांनी या समित्यांकडे पोषण आहाराच्या धान्यापलीकडे फारसे पाहिलेले नाही. समितीत अपंग मुलाचा पालक आहे काय, विशेष शिक्षकाची शेवटची भेट कोणत्या तारखेची, प्रवास व मदतनीस भत्ता कोणाला मिळाला, घरी शिकणाऱ्या मुलाकडे प्रत्यक्ष कोण जाते, प्रमाणपत्राच्या शिबिरासाठी जतच्या टोकाच्या गावाहून सांगलीला किती हेलपाटे घालावे लागले, ही विचारणा लेखी करावी आणि उत्तर ग्रामसभेत वाचून दाखवावे. नव्या 4,860 पदांपैकी आपल्या तालुक्यात किती भरली, हे गटशिक्षणाधिकाऱ्यांना आधी विचारावे. रिकाम्या पदांची यादी हाती आली की पुढचा मोर्चा पंचायत समितीवर न्यावा, आणि व्हरांड्यात बसणाऱ्या त्या आयांना त्यात सर्वांत पुढे चालू द्यावे.