कोयत्याबरोबर लसीचं कार्डही बांधा

दसरा झाला की पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, भांडीकुंडी, पत्रे, शेळ्या, लेकरं सगळं ट्रॅक्टरवर चढतं. त्या बोचक्यात बांधायचा एक कागद हमखास घरीच राहून जातो, तो म्हणजे बाळाचं लसीचं कार्ड. माझं मागणं त्या कागदापुरतंच आहे.

गोवर-रुबेला लसीचे दोन डोस असतात. पहिला नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. आता हिशेब करा. फेब्रुवारीत जन्मलेल्या बाळाला नववा महिना नोव्हेंबरात पुरा होतो. जुलैत जन्मलेल्याला सोळावा महिनाही पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरातच पुरा होतो. तेव्हा गावात आशाताई बाळाचं नाव पुकारते आणि बाळ असतं संगमनेर, राहुरी नाहीतर कोपरगावकडच्या एखाद्या कोपीत. तिथल्या यादीत त्याचं नाव नसतं. हा दोष आईचा नाही. पण गोवर दोष कुणाचा ते विचारत नाही.

लस न घेतलेल्यांमध्ये गोवराचा एक रोगी बारा ते अठरा जणांना आजार देऊ शकतो. रोगी उठून गेल्यावरही बंद जागेतल्या हवेत विषाणू दोन तास टिकतो, आणि अंगावर पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून तो पसरत असतो. एकमेकींना चिकटलेल्या कोप्यांमध्ये याचा अर्थ काय होतो, ते सांगायला नको. 2022 च्या हिवाळ्यात गोवंडी, भिवंडी, मालेगावला साथ आली आणि लेकरं दगावली. आजारी पडलेल्यांत लस न मिळालेली मुलं पुष्कळ होती.

म्हणून निघण्याआधी आशाताईला किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरला भेटा आणि कुठल्या कारखान्याला चाललात ते सांगा. तारीख उलटली असेल तरी लाजू नका. पाच वर्षांपर्यंत राहिलेला डोस देता येतो. लस सरकारी केंद्रात फुकट आहे आणि ती कुठल्याही गावी घेता येते, त्यासाठी आपल्याच गावाला परतावं लागत नाही. कार्ड हरवलं असेल तरीही जा. डोस चुकून पुन्हा दिला गेला तर अपाय होत नाही. साध्या सर्दी-खोकल्यासाठी लस पुढे ढकलू नका. टोचल्यानंतर आठ-दहा दिवसांनी थोडा ताप किंवा हलकं पुरळ आलं तर घाबरू नका, ते ओसरतं. पहिला डोस झाला म्हणून दुसरा सोडूही नका, कारण नऊ महिने झाल्यावर दिलेल्या एका डोसानंतरही शंभरातली पंधराएक मुलं उघडीच राहतात.

आणि गोवर निघालाच तर? आपल्याकडे देवीचा कोप समजून लेकराला कोपीत निजवतात, खाणं तोडतात, दवाखाना टाळतात. उशाला निंबाचा पाला ठेवायचा तर ठेवा, श्रद्धेला माझी हरकत नाही. पण अंगावरचं दूध आणि जेवण बंद करू नका. ताप, खोकला, लाल डोळे आणि कानामागून सुरू झालेलं पुरळ दिसलं की त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. तिथे ‘अ’ जीवनसत्त्वाचे दोन डोस लागोपाठच्या दिवशी देतात, त्याने डोळे आणि जीव वाचतात. बाळाला धाप लागली, जुलाब थांबेनात, झटका आला तर रात्र काढू नका. गोवराने मरणारी बहुतेक मुलं पुरळाने मरत नाहीत, न्यूमोनियाने आणि जुलाबाने मरतात.

उरलेलं काम इतरांचं आहे. जामखेडलाच डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली काम सुरू केलं आणि गावातल्याच, शाळा न पाहिलेल्या बायांना आरोग्यसेविका म्हणून उभं केलं. कुणाच्या घरात तान्हं बाळ आहे, हे शेजारणीला सगळ्यात आधी कळतं. टोळीच्या तळावरही अशी एक बाई असतेच. मुकादमांनी टोळीतल्या दोन वर्षांखालच्या मुलांची नावं तिच्याकडून लिहून घ्यावीत. कारखान्याने ती पहिल्याच आठवड्यात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचवावीत. आणि लसीकरण उसाच्या फडावरून माणसं परततात त्या संध्याकाळच्या वेळी, तळावरच ठेवायला सांगावं. दिवसाची मजुरी बुडवून कुणी येणार नाही.