ओटीपी म्हणजे आजचा अंगठा

सणसर (ता. इंदापूर) : भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याचे ऊसबिल असो, दुधाचा पगार असो की पीएम किसानचा हप्ता, या पट्ट्यातल्या शेतकऱ्याचा पैसा आता बँक खात्यात पडतो आणि खाते मोबाइलला जोडलेले असते. त्यामुळे चोराला घर फोडायची गरज उरलेली नाही. खातेदाराने स्वतः दार उघडून दिले की त्याचे काम झाले. सायबर चोरी हा कॉम्प्युटरवाल्यांचा विषय म्हणून आपण सोडून देतो. गावात मात्र तो माणसाच्या सवयींचा विषय आहे.

चोरीला हात माणसाचेच

यंत्रणा फुटतच नाहीत, असे नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या एटीएम यंत्रणेत शिरकाव करून चोरट्यांनी सुमारे ९४ कोटी रुपये लांबवले. बनावट कार्डांवर २८ देशांतून पैसे काढले गेले. पण कोल्हापुरातल्या एटीएमसमोर कार्ड घेऊन उभी राहिली ती माणसेच. या प्रकरणात पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये ११ जणांना शिक्षा सुनावली.

चोरीचा पैसा फिरवायला आजही खाती लागतात. "तुझं पासबुक अन् एटीएम दे, महिन्याला चार पैसे मिळतील," असे सांगून गावातल्या पोरांची खाती भाड्याने घेतली जातात. पैसा नेणारा पसार होतो, पोलिस येतात ते खातेदाराच्या दारात.

एका फाइलचा खेळ

पीएम किसान, बँकेची केवायसी किंवा गाडीचा दंड अशा नावाने व्हॉट्सॲपवर एक एपीके फाइल येते. ती उघडून 'परवानगी द्या'वर बोट ठेवले की मोबाइलवर येणारे मेसेज परस्पर चोराला दिसू लागतात. पुष्कळदा तीच फाइल पुढे आपल्या नावाने गावच्या ग्रुपवर जाते. "सरपंचांच्या नंबरवरून आली म्हणून उघडली," असे मग होते. ओळखीचा नंबर ही खात्री नव्हे. सरकारी ॲप मेसेजमधल्या फाइलवरून घ्यायचेच नाही.

दुसरे हत्यार भीतीचे. पोलिसाच्या वेशात व्हिडिओ कॉल करून 'डिजिटल अटक' केल्याचे सांगतात. अशी अटक कायद्यात नाही. फोन ठेवून द्यावा आणि घरच्यांना सांगावे. घाई करणारा आणि कुणाला सांगू नको म्हणणारा, हे दोघेही चोर समजावेत.

सुप्याची आठवण

१२ मे १८७५ रोजी बारामती तालुक्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांवर धाव घेतली. त्या उठावात गावोगाव कर्जरोखे जाळले गेले. काय लिहिले आहे हे न कळताच कुणब्याने कागदावर नांगराची निशाणी केलेली असायची, हे त्यामागचे एक मोठे दुखणे होते. पुढे १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्याचे दस्त गाव निबंधकासमोर लिहिले जावेत, अशी तरतूद झाली.

आजचा ओटीपी हीसुद्धा निशाणीच आहे. सेवा केंद्रात ई-केवायसीसाठी तो द्यावा लागतो, हे खरे. पण ओटीपी कशासाठी आहे, हे बहुतेक वेळा त्याच मेसेजमध्ये लिहिलेले असते. ते वाचल्याशिवाय, वाचता येत नसेल तर पोराबाळांकडून वाचून घेतल्याशिवाय आकडा सांगू नये. फोनवर तर कुणालाच सांगू नये. आधारवर अंगठा लावून पैसे काढले तर पावती मागावी. एरवी आधारचे बायोमेट्रिक लॉक करून ठेवता येते. पाण्याची पाळी आली की रात्रभर दारं धरणारा शेतकरी मोबाइलच्या बाबतीत मात्र गाफील राहतो.

डोंगल कुणाच्या खिशात?

अधिकाऱ्यांनीही आपल्याकडे पाहावे. सातबाऱ्यावर डिजिटल सही असते. ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या निधीचे पैसेही सरपंच आणि ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) यांच्या डिजिटल सहीने सुटतात. दोघांची सही ठेवली, ती एकाने दुसऱ्याचे काम तपासावे म्हणून. दोन्ही डोंगल आणि पासवर्ड ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये पडून असतील तर तपासणी उरली कुठे? घोटाळा झाल्यावर जबाब विचारतात तो सहीवाल्याला. टेबलाला चिकटवलेला पासवर्ड म्हणजे सहीचा कोरा चेकच.

फसलात तर लपवू नका

फसलेला माणूस लाजेपोटी गप्प बसतो आणि तिथेच चोराचे फावते. पैसे गेल्याचे कळताच १९३० वर फोन करावा. पैसा खात्याखात्यांतून पुढे सरकण्याआधी गोठवता आला तरच हाती लागण्याची आशा असते. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये व्यापारी बँकांसाठी आणि डिसेंबर २०१७ मध्ये सहकारी बँकांसाठी परिपत्रक काढले. ग्राहकाने स्वतः पिन-ओटीपी दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे, असे त्यात म्हटले. चूक ना बँकेची ना ग्राहकाची असेल, तेव्हा तीन कामकाजी दिवसांत कळवण्याला त्यात मोठे महत्त्व होते. म्हणून तक्रार बँकेतही लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.

ग्रामसभेत पाणी, रस्ते, घरकुले यांवर बोलणे होते. येत्या सभेला बँकेचा शाखाधिकारी आणि पोलिस ठाण्याचा माणूस बोलवावा, म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि महिलांना पुढे बसवावे आणि १९३० हा आकडा चावडीवर रंगवून घ्यावा. रंगाचा खर्च फारसा नाही.