पाणी गावाचं, प्लॉट कुणाचा?

पुणे–नगर रस्त्याने शिरूर सोडलं, घोड नदी ओलांडली की अहिल्यानगर जिल्हा सुरू होतो. पुढे नारायणगव्हाण, वाडेगव्हाण, सुपे. या पट्ट्यात बाजरी-कांद्याच्या जोडीला आता फलकांचंही पीक येतं: 'एनए बंगलो प्लॉट', 'सुलभ हप्ते', 'एमआयडीसीपासून दहा मिनिटं'. वाडेगव्हाणहून आत वळलं की काही किलोमीटरवर राळेगणसिद्धी. गाव सोडून मुंबई-पुण्यात आणि आता थेट परदेशात स्थायिक झालेल्यांच्या बोलण्यात एक योजना हमखास निघते. गावाकडची वाट्याची जमीन पडीकच आहे. तिचे गुंठ्या-दोन गुंठ्यांचे प्लॉट पाडू, स्वस्तात विकू. गरजूला घर, आम्हाला पैसे, गावाचा विकास. ऐकायला कुणाचंच नुकसान नाही.

राळेगणच्या शिवारात अशी योजना आली तर गावाने तिला काय उत्तर द्यावं, यासाठी हे मुद्दे. जमीन कुणी विकूच नये असं माझं म्हणणं नाही. कुठे, कुणासाठी आणि कोणत्या अटींवर, हे ग्रामसभेने आधी ठरवावं आणि दलालाने नंतर यावं, इतकंच म्हणणं आहे.

१. जमिनीला भाव आला कशामुळे, ते आधी पाहू. १९७५ साली किसन बाबूराव ऊर्फ अण्णा हजारे लष्करातून निवृत्त होऊन गावी परतले तेव्हा राळेगणची जमीन फुकट दिली तरी कुणी घेतली नसती. पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही लहरी. दुष्काळी कामावर बांधलेल्या पाझर तलावात पाणी ठरत नव्हतं. गावकऱ्यांनी श्रमदानाने तो दुरुस्त केला, नाले अडवले, डोंगरउतारावर चर खणले, झाडं लावली. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्या घरांनी स्वतःच्या पोटाला चिमटा घेतला. उसासारखी तहानलेली पिकं टाळली. विहिरींना पाणी आलं ते त्यानंतर.

हे पाणी जमिनीखालून वाहताना सातबारा वाचत नाही. जो घमेलं उचलायला होता त्याच्या विहिरीला ते आलं आणि ज्याचं कुटुंब तेव्हाच गाव सोडून गेलं होतं त्याच्याही. म्हणून आज अशा शिवारातल्या एकराला जो भाव मिळतो, त्यातला मोठा हिस्सा मालकाच्या कर्तबगारीचा नाही, गावाच्या घामाचा आहे. प्लॉटच्या जाहिरातीत 'पाणीदार आदर्श गाव' हे शब्द छापले की त्याची किंमत खरेदीदाराकडून वसूल होते. ती गावाला मात्र मिळत नाही. माझा सगळा युक्तिवाद या एका गोष्टीवर उभा आहे. बाकीचे मुद्दे तिच्यातूनच निघतात.

२. 'परवडणारा' प्लॉट कुणाला परवडणारा? एकर म्हणजे ४० गुंठे, गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. समजा जमीन एकरी ४० लाखांची आहे, म्हणजे कच्ची जमीन गुंठ्याला एक लाख. रीतसर ले-आऊट केला की रस्ते आणि १० टक्के खुली जागा सोडावी लागते. विकायला २६ गुंठे उरले असं धरू. गुंठा दीड लाखाच्या थोडा वर गेला. रस्ता, गटार, वीज, मोजणी, बिनशेतीचा आकार मिळून तो अडीच लाखांच्या घरात जातो. दलाली आणि नफा याच्या वर. फलकावर येईपर्यंत त्याच गुंठ्याचे चार-पाच लाख झाले तर नवल नाही.

आता दुसरी बाजू. घरकुल मंजूर झालं पण बांधायला जागा नाही, अशा कुटुंबांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची जागा खरेदी अर्थसहाय्य योजना आहे. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी एक लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. वरच्याच हिशेबाने जमीन आणि ले-आऊट एवढाच खर्च धरला तर ५०० फूट सुमारे ७० हजारांत बसतात. सुविधांचा खर्चही त्यावर टाकला तर सव्वा लाखाच्या आत. दलाली चढली की संपलं. म्हणजे गावातल्या भूमिहीनाला प्लॉट परवडणं शक्य आहे, पण फलक लावणाऱ्याच्या हातून नाही. फलकावरचं 'परवडणारं' हे पिंपरी-चिंचवडमध्ये फ्लॅट असलेल्या आणि आठवड्याअखेरीला मोकळी हवा हवी असलेल्या माणसाला परवडणारं असतं. त्या माणसाबद्दल राग नाही, पण त्याच्या सोयीला गरिबांच्या घराचं नाव देऊ नये.

३. परदेशात स्थायिक झालेल्या मालकाने कायदा नीट वाचावा. परकीय चलनाच्या कायद्यानुसार अनिवासी भारतीयाला शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाने आलेली जमीन ठेवता येते आणि विकताही येते, पण भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. वर महाराष्ट्राच्या १९४८ च्या कूळकायद्याचं कलम ६३ आहे: शेतजमीन घेणारा शेतकरी असला पाहिजे. असे दोन दरवाजे बंद असल्यामुळेच बिनशेती करून प्लॉट पाडण्याचा मोह होतो. बिनशेती झालं की गिऱ्हाईक कुणीही चालतं.

यात एक गोम आहे, आणि ती दलाल सांगत नाही. शहरापासून पुरेशी लांब असलेली खरीखुरी ग्रामीण शेतजमीन आयकराच्या दृष्टीने भांडवली मालमत्ता धरली जात नाही. ती शेतजमीन म्हणून विकली तर नफ्यावर कर नाही. बिनशेती करून प्लॉट पाडले की ती सवलत जाते, आणि वरचेवर प्लॉट विकले तर त्याला धंद्याचं उत्पन्नही म्हणता येतं. एकरी भावापेक्षा गुंठ्याचा भाव दुप्पट दिसतो म्हणून हुरळणाऱ्याने हा हिशेब आधी करावा.

४. सगळ्यात स्वस्त प्लॉट सगळ्यात धोक्याचा असतो. त्याची तऱ्हा अशी. वीस गुंठ्यांचा एक गट. ले-आऊट नाही, बिनशेती नाही. खरेदीखत एकच, पण घेणारे दहा जण सामाईक. सातबारा उघडला तर भोगवटादाराच्या रकान्यात दहा नावं एकाखाली एक. बाजूला हाताने काढलेला नकाशा, त्यावर एक ते दहा आकडे, आणि मध्ये 'रस्ता' म्हणून दोन समांतर रेघा. तो नकाशा कोणत्याही दप्तरात नाही. पुढे एकाला कर्ज हवं असतं, दुसरा वारतो, तिसऱ्याचे वारस भांडतात, आणि कुणाचा तुकडा कोणता हे त्या रेघा काढणाऱ्यालाच ठाऊक असतं. तो फोन उचलत नाही. मूळ मालक परदेशात आणि सह्या भावाच्या नाहीतर एजंटाच्या कुलमुखत्यारपत्रावर असतील, तर जाब तरी कुणाला विचारायचा?

१९४७ चा तुकडेबंदी कायदा हे रोखण्यासाठी होता. ऑगस्ट २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे झालं. नियमबाह्य तुकडे नियमित करायला बाजारमूल्याच्या २५ टक्के शुल्क होतं, ते २०२४ मध्ये ५ टक्क्यांवर आलं. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळात आणखी सवलतीची घोषणा झाली. अडकलेल्या कुटुंबांना दिलासा हवाच होता. पण दर काही वर्षांनी सवलत मिळते हे एकदा कळलं की नियम पाळणारा मूर्ख ठरतो. महारेराचं तसंच: ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जागा आणि आठपेक्षा जास्त प्लॉट असं दोन्ही असेल तर नोंदणी सक्तीची आहे, म्हणून हुशार माणूस आठ-आठचे तुकडे पाडतो.

५. पाण्याचा सोपा युक्तिवाद मला पटत नाही, तोही इथेच बाजूला काढतो. 'प्लॉट आले की गावाचं पाणी संपेल' असं सरसकट बोललं जातं. हिशेब करून बघा. पन्नास घरं, घरटी चार माणसं, जलजीवन मिशनच्या निकषाने माणशी रोज ५५ लिटर: वर्षाला साधारण ४० लाख लिटर. रब्बी कांद्याला पाचशे मिलिमीटर पाणी धरलं तर एक एकर एका हंगामात २० लाख लिटर पितो. पन्नास कुटुंबं आणि दोन एकर कांदा, पाणी सारखंच. घरांना पाणी नाकारून कांद्याला द्यायचं, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

खरी अडचण दुसरीकडे आहे. कांदा एप्रिलपर्यंत निघतो. घराला पाणी लागतं ते मे महिन्यातही, जेव्हा विहिरीचा तळ दिसत असतो. प्लॉटवाल्याची बोअर 'घरगुती' म्हणून होते, त्यामुळे शेतीसाठी गावाने पाळलेली शिस्त तिला लागू होत नाही. आणि माणूस महिन्यातून दोनदाच येत असला तरी लॉनला पाणी रोज लागतं. शिवाय प्लॉट कुठे पडतात तेही पाहावं लागेल. स्वस्त जमीन म्हणजे बहुधा वरच्या अंगाची माळरानं, आणि पाणी मुरतं तेही तिथेच. चर बुजवून रस्ता केला तर खालच्या विहिरींना ते दोन-तीन पावसाळ्यांनी कळतं. तोवर सगळे प्लॉट विकले गेलेले असतात.

६. मालकाचीही बाजू आहे. जमीन तो पडीक का ठेवतो? कसायला दिली तर कसणारा कूळ म्हणून उभा राहील, ही भीती. कसणारी कुळं मालक ठरली त्या १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाची आठवण अजून घराघरात आहे. आजोबांचं रान असंच गेलं, हे वाक्य कानावर पडत वाढलेली माणसं मेलबर्नमध्ये बसूनही ते विसरत नाहीत. वाटपाचं घोंगडं भिजत असतं. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान हक्क दिला, तरी पुष्कळ घरांत बहिणीकडून हक्कसोड पत्रावर सही घेतली जाते, आणि ती सही पुढे भाव वाढला की उकरून निघते. अशा स्थितीत 'विकून मोकळं व्हावं' असं वाटणं माणसासारखंच आहे. त्याला नैतिकतेचे धडे देऊन काही होणार नाही. विकायची दुसरी, बरी वाट दाखवली तरच तो थांबेल.

७. जिल्ह्यातल्याच हिवरे बाजारचं उदाहरण लगेच दिलं जातं. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले, आणि त्या गावाने बाहेरच्याला जमीन विकायची नाही असं ठरवून ते पाळलं. पण तो कायदा नव्हे, गावाचा शब्द आहे. उद्या कुणी कोर्टात गेला तर असा ठराव टिकेलच असं नाही. राळेगणने तो जसाच्या तसा उचलू नये. एक पायरी खाली यावं: विकणाऱ्याने आधी ग्रामसभेला कळवावं आणि गावातल्या घेणाऱ्याला ठरावीक मुदत द्यावी, एवढाच संकेत पाडावा.

राळेगणला संमतीचा मुद्दा परका नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये अण्णा जंतरमंतरवर बसले ते भूसंपादनाच्या वटहुकमाविरुद्ध. २०१३ च्या कायद्यात खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधितांची संमती लागते, आणि वटहुकूम मोठ्या यादीला त्यातून सूट देत होता. गट-गट करून प्लॉट पाडले तर शिवाराचा तोच चेहरामोहरा बदलतो, पण तिथे कुणालाच विचारावं लागत नाही.

८. मग करायचं काय? गावठाण वाढवायचं. जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड नुसार गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या पट्ट्यातली जमीन, प्रादेशिक योजनेच्या अधीन राहून, रूपांतर कर भरून बिनशेती होते. घरं तिथेच यावीत. शाळा, दवाखाना, नळ, गटार तिथून जवळ आहे. त्याच्या पलीकडचं शिवार शेतीला आणि मुरणाऱ्या पाण्याला राहू द्यावं.

या पट्ट्यात ज्यांची जमीन आहे, मग ते गावात असोत की परदेशात, त्यांनी एकत्र येऊन एकच ले-आऊट करावा. मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी हेच केलं: हडपसरच्या सव्वाशेच्या आसपास कुटुंबांनी चारशे एकरांहून जास्त जमीन बिल्डरला न विकता स्वतःची कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात हिस्सा घेतला. राळेगणमध्ये आयटी पार्क उभारायचा नाही, पाच-सात एकरांचा प्रश्न आहे. हिश्श्याचं तत्त्व मात्र तेच. मालकाला एकरी भावापेक्षा बरी रक्कम मिळते, त्याचं नाव कागदावर स्वच्छ राहतं, आणि कुलमुखत्यारपत्राच्या भानगडीत तो पडत नाही.

अटी मोजक्या असाव्यात. निम्मे प्लॉट ५०० फुटांचे, घरकुल यादीतल्या बेघरांना, वरच्या हिशेबातल्या दरात. दहा वर्षं फेरविक्री नाही. वैयक्तिक बोअर नाही; पाणी ग्रामपंचायतीच्या नळाचं, मीटर लावून. उरलेले प्लॉट बाजारभावाने, पण प्रत्येक विक्रीतला ठरलेला हिस्सा पाणलोटाच्या दुरुस्तीला. बंधारे गाळाने भरतात, चर बुजतात. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचं श्रमदान आपोआप टिकत नाही, त्याला दर काही वर्षांनी पैसा आणि हात लागतात. मुद्दा १ मधलं देणं असं चुकतं होईल.

९. सुप्याच्या कामगारांची घरं हा वेगळा प्रश्न आहे. औद्योगिक वसाहतीत राबणाऱ्यांना भाड्याच्या खोल्या आणि लहान प्लॉट हवेतच, पण ते सुप्यात, रस्त्याच्या कडेला, वसाहतीच्या जवळ. त्यांच्या नावावर राळेगणच्या माळावर प्लॉट विकू नयेत.

१०. ज्याला म्हातारपणी खरोखर परत यायचं आहे, त्याचं काय? त्याने अवश्य यावं. बाजारभावाचा एक प्लॉट गावठाणात घ्यावा, शिवारात नको. बिनशेती निवासी प्लॉट घ्यायला अनिवासी भारतीयाला कायद्याची आडकाठी नाही. १९७५ ला परतलेल्या माणसाने तर लष्करातून मिळालेले पैसे यादवबाबांच्या पडक्या मंदिराच्या दुरुस्तीला घातले आणि तो मंदिराच्याच खोलीत राहिला. तेवढी अपेक्षा कुणाकडून नाही. पण पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर गावठाण विस्तार, बेघरांची यादी आणि २०० मीटरच्या पट्ट्यातल्या खातेदारांची यादी असे तीन विषय ग्रामसेवकाने घ्यावेत. तिसऱ्या यादीतले जे बाहेर आहेत त्यांना सरपंचाच्या सहीचं पत्र जावं, दलालाचा फोन जायच्या आधी.